विश्लेषण : इंजिन बंद, तरी धूर कसा? थंड प्रदेशांतील डिझेल मोटारींचा ‘पार्किंग हिटर’ सोय की पळवाट?

पहाटेचे सहा वाजले आहेत, पारा उणे १५ अंशांवर आहे. रस्त्याकडेला उभ्या मोटारीत कुणी नाही, इंजिनही बंद आहे. तरीही बोनेटखालून बारीक ‘टिक-टिक’ आवाज येतो आणि पुढच्या चाकाजवळून पांढुरका धूर निघत राहतो. जर्मनी, स्वीडन किंवा फिनलंडमध्ये नव्याने गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यात हे दृश्य पाहून गाडीला आग लागली की काय, अशी शंका येऊ शकते. प्रत्यक्षात गाडीच्याच टाकीतील डिझेल जाळून इंजिन आणि केबिन आधीच गरम करून ठेवणारा तो एक छोटा हिटर असतो. थंड देशांत अनेक दशके वापरात असलेले हे उपकरण उपयुक्त आहे, यात वाद नाही. मात्र मोटारीच्या मुख्य इंजिनाला जे कडक नियम लागू होतात, त्यांतून हा हिटर बऱ्याच अंशी निसटतो. लडाखच्या हिवाळी पर्यटनामुळे हा विषय आता भारतीय वाहनचालकांसाठीही परका राहिलेला नाही. हा हिटर कसा चालतो, त्याचे फायदे खरे किती आणि त्याला मोकळे रान का देऊ नये, याचा हा आढावा.

डिझेल इंजिन थंडीत का रुसते?

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते, की ती तापून ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. कडाक्याच्या थंडीत हेच गणित बिघडते. सिलिंडरच्या गार भिंती दाबलेल्या हवेतील उष्णता शोषून घेतात. इंजिन ऑइल घट्ट होते, त्यामुळे सेल्फ मारल्यावर इंजिन सावकाश फिरते आणि हवा पुरेशी तापत नाही. त्यात बॅटरीही अशक्त झालेली असते. उणे १८ अंशांच्या आसपास तिची इंजिन फिरवण्याची ताकद साधारण निम्म्यावर येते. थोडक्यात, इंजिनाला जास्त जोर लागतो नेमका तेव्हाच तो देणारी बॅटरी कमी पडते.

यावर पहिला उपाय म्हणजे ग्लो प्लग, म्हणजे आपल्याकडचे जुने चालक ज्याला ‘हीटर प्लग’ म्हणतात तो. तो ज्वलनाची जागा काही सेकंद तापवतो आणि इंजिन सुरू करून देतो. पण त्याने ना ऑइल पातळ होते, ना काचेवरचा बर्फ वितळतो. आधुनिक डिझेल इंजिनाची आणखी एक गंमत आहे. ते इतके कार्यक्षम असते, की वाया जाणारी उष्णता कमी उरते. केबिन गरम करण्यासाठी हीच वाया जाणारी उष्णता वापरली जात असल्याने, थंड प्रदेशात नवी डिझेल मोटार जुन्या मोटारीपेक्षा उशिरा गरम होऊ शकते. म्हणूनच युरोपातील अनेक डिझेल मोटारींत आणि एसयूव्हींमध्ये कंपनीकडूनच इंधनावर चालणारा पूरक हिटर बसवून येऊ लागला. लहान मोटारींत त्याऐवजी विजेवर चालणारे हीटिंग एलिमेंट दिले जाते.

हा हिटर नेमका काय करतो?

याची रचना घरातल्या गॅस गिझरसारखी आहे. बुटांच्या खोक्याएवढ्या डब्यात एक छोटा बर्नर असतो. टाकीतून वेगळ्या नळीने आलेले डिझेल एक डोसिंग पंप थेंबाथेंबाने बर्नरकडे ढकलतो. पहाटे ऐकू येणारी टिक-टिक ती याच पंपाची. विजेवर तापणारी एक कांडी डिझेल पेटवते, छोटा पंखा बाहेरची हवा पुरवतो आणि ज्योत स्थिर झाली की कांडी बंद होते. ज्योतीची उष्णता धातूच्या भिंतीतून इंजिनच्या कूलंटला मिळते. एक लहान पाणीपंप तो कूलंट इंजिनातून आणि डॅशबोर्डमागच्या हिटर कोअरमधून फिरवतो. कूलंट पुरेसा तापला की गाडीचा नेहमीचा ब्लोअर सुरू होऊन काचा आणि केबिन गरम होते. जळालेला धूर मात्र वेगळ्या, बोटाएवढ्या जाड नळीतून थेट गाडीखाली सोडला जातो. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

प्रवासी मोटारींतील अशा हिटरची क्षमता साधारण ४ ते ५ किलोवॉट असते. पूर्ण शक्तीवर तो तासाला सुमारे अर्धा ते पाऊण लिटरच्या दरम्यान डिझेल जाळतो. कूलंट तापल्यावर ज्योत आपोआप मंद होते. टायमर, रिमोट किंवा मोबाइल अॅपवरून तो सुरू करता येतो. दुसऱ्या प्रकारचे हिटर कूलंटऐवजी थेट केबिनमधील हवा तापवतात. ते साधारण २ किलोवॉटचे असतात आणि रात्री केबिनमध्ये झोपणारे ट्रकचालक व कॅम्पर व्हॅनवाले ते वापरतात. हे दुसरे हिटर माणसाला ऊब देतात, इंजिनाला नाही. खरेदी करताना हा फरक अनेकदा लक्षात घेतला जात नाही.

ही कल्पना आली कुठून?

मोटारीचे इंजिन हवेने थंड होत असेल, तर केबिन तापवायला गरम पाणीच उपलब्ध नसते. त्यामुळे फोक्सवॅगन बीटल आणि तिच्या व्हॅनमध्ये, तसेच सोव्हिएत काळातील झापोरोझेत्स मोटारीत पेट्रोल जाळणारे स्वतंत्र हिटर बसवले जात. या क्षेत्रातील दोन मोठी नावे जर्मन आहेत. एबरश्पेशर कंपनीची स्थापना १८६५ मध्ये श्टुटगार्टजवळच्या एस्लिंगेन गावात झाली आणि वेबास्टोची १९०१ मध्ये त्याच गावात. वेबास्टो नंतर म्युनिकजवळच्या स्टॉकडॉर्फला गेली. ‘वेबास्टो’ हे नावच संस्थापक विल्हेल्म बायर आणि स्टॉकडॉर्फ यांची आद्याक्षरे जोडून बनले आहे. भारतीय ग्राहकाला ही कंपनी सनरूफमुळे माहीत असेल. उत्तर युरोपात मात्र ‘वेबास्टो’ म्हटले की अनेकांना हिटरच आठवतो, जसे आपल्याकडे वनस्पती तुपाला सरसकट ‘डालडा’ म्हणतात.

इंजिन चालू ठेवण्यापेक्षा हिटर बरा का?

होय, आणि या बाबतीत आकडे स्पष्ट आहेत. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॉट-तास ऊर्जा असते. दोन लिटर क्षमतेचे थंड डिझेल इंजिन जागेवर चालू ठेवले, तर ते तासाला ढोबळमानाने ०.७ लिटर डिझेल पिते. म्हणजे ७ किलोवॉट ऊर्जा जळते. त्यातील जेमतेम २ किलोवॉटच्या आसपास उष्णता कूलंटपर्यंत पोहोचते. बाकीची सायलेन्सरमधून, घर्षणातून आणि गार लोखंडातून निघून जाते. हिटर तासाला ०.६ लिटर जाळतो आणि ५ किलोवॉट कूलंटला देतो. म्हणजे तेवढ्याच डिझेलमध्ये जवळपास तिप्पट उष्णता हवी तिथे पोहोचते. जागेवर चालू ठेवलेले डिझेल इंजिन हा सर्वांत महागडा हिटर आहे, असे म्हणता येते ते यामुळे.

इंजिनाच्या आयुष्याचाही प्रश्न आहे. थंड इंजिन जागेवर घुरघुरत ठेवले, की अर्धवट जळालेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते आणि काजळी साचते. पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या नव्या गाड्यांमध्ये हा फिल्टर लवकर तुंबण्याचा धोका वाढतो. जर्मनीत उगाच इंजिन चालू ठेवण्याला वाहतूक नियमांनुसार मनाई आहे, ती आवाज आणि धूर या दोन्ही कारणांसाठी. त्यामुळे ‘इंजिन चालू ठेवायचे की हिटर लावायचे’ एवढाच प्रश्न असेल, तर उत्तर हिटर हेच आहे.

पण इंधनाची बचत होते का?

हिटर विकताना ‘गरम इंजिन कमी डिझेल पिते, त्यामुळे खर्च वसूल होतो’ असे सांगितले जाते. यातील पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. अर्धा तास हिटर चालवला तर साधारण पाव ते ०.३ लिटर डिझेल जळते. गरम इंजिनाने सुरुवात केल्यामुळे पहिल्या काही किलोमीटरमध्ये इंधन वाचते, पण जळालेले सगळे परत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. हिवाळ्यातील १०० सकाळी धरल्या, तर ०.३ लिटरप्रमाणे ३० लिटर डिझेल केवळ गाडी उभी असताना जळते. एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे एका गाडीमागे हंगामाला ८० किलोच्या आसपास. हिटर बसवून घेण्याचा जर्मनीतील खर्च साधारण दीड ते अडीच हजार युरोंच्या घरात जातो, तो वेगळाच.

बॅटरीचा हिशेबही मांडायला हवा. हिटरचा पंखा, पंप आणि गाडीचा ब्लोअर हे सगळे बॅटरीवर चालते. म्हणून ‘जितका वेळ हिटर, तितका वेळ गाडी चालवा’ असा साधा नियम सांगितला जातो. अर्धा तास हिटर लावून पाच मिनिटांवरच्या शाळेत मुलांना सोडणारा पालक आठवडाभरात बॅटरी रिकामी करून बसतो. गंमत म्हणजे हिटरचा मोह सर्वाधिक होतो तो अशाच छोट्या फेऱ्यांसाठी.

सोय, सुरक्षितता आणि इंजिनाचे आरोग्य हे हिटरचे खरे फायदे आहेत. काचेवर हाताएवढी जागा खरवडून त्यातून डोकावत गाडी चालवणे धोकादायक असते आणि हिटर ते टाळतो. ही कारणे पुरेशी आहेत. त्यासाठी बचतीची खोटी जाहिरात करण्याची गरज नाही.

मग आक्षेप कशावर?

आक्षेप आहे तो धुरावर. युरो-६ किंवा आपल्याकडील बीएस-६ डिझेल मोटारीचा धूर ऑक्सिडेशन कॅटलिस्ट, पार्टिक्युलेट फिल्टर आणि अनेक गाड्यांत युरिया फवारणाऱ्या यंत्रणेतून गाळून बाहेर पडतो. युरो-६ नियमांनुसार डिझेल मोटारीला दर किलोमीटरला ६०० अब्जांपेक्षा जास्त सूक्ष्म कण सोडता येत नाहीत. हा आकडा प्रचंड वाटला, तरी फिल्टरशिवाय तो गाठणे डिझेल इंजिनाला शक्य होत नाही, इतका तो कडक आहे. त्याच गाडीला बसवलेल्या हिटरचा धूर मात्र सहसा कुठल्याही कॅटलिस्ट किंवा फिल्टरविना, जमिनीपासून वीतभर उंचीवर सोडला जातो.

हिटरला नियमच नाहीत, असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा विनियम क्रमांक १२२ वाहनांच्या हिटरसाठी आहे. त्यात कार्बन मोनॉक्साइड ०.१ टक्का, नायट्रोजन ऑक्साइड २०० पीपीएम आणि हायड्रोकार्बन १०० पीपीएम अशा मर्यादा आहेत. पण या मर्यादा धुरातील प्रमाणावर आहेत, एकूण किती धूर सोडला यावर नाहीत. काजळीसाठी कागदावर पडणाऱ्या डागाचा काळेपणा पाहण्याची जुनी पद्धत आहे. कणांची संख्या मोजण्याची, इंजिनाला लागू असलेली आधुनिक कसोटी इथे नाही. शिवाय मोटारीची प्रयोगशाळेतील मुख्य उत्सर्जन चाचणी २३ अंश तापमानात होते. त्यात हिटर सुरू करण्याचा प्रश्नच येत नाही. कागदोपत्री ‘स्वच्छ’ ठरलेली आणि जर्मन शहरांच्या कमी-प्रदूषण क्षेत्रात हिरवे स्टिकर लावून फिरणारी गाडी हिवाळ्यात रोज सकाळी अर्धा तास न गाळलेला धूर सोडू शकते. तोही फुटपाथच्या कडेला, शाळेत निघालेल्या मुलांच्या उंचीवर.

यावर ‘एवढ्याशा हिटरने काय होते?’ असा प्रतिवाद केला जातो. एक हिटर एका गाडीपुरता पाहिला तर तो रास्त वाटेल. पण थंडीच्या सकाळी अनेक शहरांत जमिनीलगतची गार हवा वर सरकत नाही, धूर खालीच कोंडतो. सगळे हिटर त्याच तासाभरात, त्याच गल्ल्यांत लागतात. मुख्य इंजिनाचा धूर गाळण्यासाठी ग्राहकाने हजारो रुपये मोजायचे आणि शेजारच्या बर्नरला सोडून द्यायचे, यात तर्क नाही. नियम बनवणाऱ्यांनी इंजिनाकडे पाहिले, गाडीकडे नाही, असाच याचा अर्थ होतो.

विजेचा पर्याय किती व्यवहार्य?

नॉर्डिक देशांत आणि कॅनडात याला जुना, साधा आणि स्वस्त पर्याय आहे. तो म्हणजे ब्लॉक हिटर. पाणी तापवण्याच्या रॉडसारखे सुमारे ५०० वॉटचे एलिमेंट इंजिनाच्या ब्लॉकमध्ये किंवा कूलंटच्या नळीत बसवले जाते आणि गाडी उभी असताना तिची वायर सॉकेटला जोडली जाते. नॉर्वेची डेफा आणि स्वीडनची कॅलिक्स या त्यातील परिचित कंपन्या. फिनलंडमध्ये निवासी इमारतींच्या पार्किंगमध्ये टायमर असलेले सॉकेटचे खांब सर्रास दिसतात. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत गाडीच्या बोनेटमधून लोंबणारा प्लग हे हिवाळ्याचे नेहमीचे चित्र आहे.

हिशेब पाहा. ५०० वॉटचे एलिमेंट दोन तास लावले, तर १ युनिट वीज लागते आणि गाडीजवळ धूर शून्य. रात्रभर प्लग लावून ठेवण्याची गरज नसते. दोन-तीन तासांनंतर जेवढी उष्णता जाते तेवढीच निसटते, म्हणून टायमर महत्त्वाचा. याची मर्यादा एकच, पण मोठी आहे. गाडीजवळ सॉकेट हवे. स्वतःचे गॅरेज असलेल्याला ते सहज मिळते. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहून गाडी रस्त्यावर लावणाऱ्याला ते मिळत नाही. त्यामुळे इंधनावरचा हिटर ही पुष्कळदा आवडीची नव्हे, तर नाइलाजाची निवड असते. त्याला दोष देण्याआधी त्याच्या पार्किंगमध्ये सॉकेटचा खांब का नाही, हे विचारायला हवे.

लडाखसाठी याचा अर्थ काय?

भारतात या हिटरची खरी गरज असलेला भाग म्हणजे लडाख, स्पिती आणि हिमालयातील तत्सम प्रदेश. तिथे हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्या खाली जातो. गाडी सुरू करण्यासाठी डिझेलच्या टाकीखाली शेकोटी किंवा स्टोव्ह ठेवणे, रात्री मधूनमधून उठून इंजिन चालू करणे हे तिथले जुने उपाय. दोन्ही उपायांत धोका आहे आणि दुसऱ्यात डिझेलची नासाडीही आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातून हिवाळ्यात लडाखला जाणाऱ्या पर्यटकांची हौस वाढली आहे आणि स्वतःची डिझेल एसयूव्ही घेऊन निघणारेही आहेत. इंटरनेटवर स्वस्त चिनी डिझेल हिटर मिळतात, ते बसवून निघण्याचा मोह होणे साहजिक आहे. इथे तीन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात.

पहिली, हिटर गोठलेल्या डिझेलवर उपाय नाही. डिझेलमध्ये मेणासारखे पॅराफिन असते. थंडीत त्याचे स्फटिक होतात आणि फिल्टर तुंबतो. हिटरही त्याच टाकीतले डिझेल पितो. टाकीतले डिझेलच घट्ट झाले, तर इंजिनाबरोबर हिटरही उपाशी राहतो. त्यामुळे पहिली गरज हिवाळी डिझेलची. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल बाजारात आणले. पुण्यात टाकी काठोकाठ भरून निघालेल्याने वर पोहोचण्याआधी मैदानी डिझेल संपवून हे डिझेल भरणे हे कोणत्याही हिटरपेक्षा जास्त कामाचे आहे.

दुसरी, उंची. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. डोसिंग पंप मात्र मैदानातल्या मापानेच डिझेल सोडत राहिला, तर हवा कमी आणि इंधन जास्त होऊन बर्नरमध्ये काजळी धरते, धूर वाढतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. नामांकित कंपन्यांच्या अनेक हिटरना १,५०० मीटरच्या वर उंचीनुसार इंधन कमी करणारी यंत्रणा लागते. नव्या मॉडेलांत ती अंगभूत असते. स्वस्त हिटरमध्ये ती आहे का आणि खरेच चालते का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तिसरी, वीज. श्रीनगर–द्रास–कारगिल–लेह ही पारेषण वाहिनी २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली आणि लेह देशाच्या ग्रीडशी जोडले गेले. त्यामुळे टॅक्सी स्टँड, सरकारी विश्रामगृहे, मोठी हॉटेले आणि पेट्रोल पंपांवर ब्लॉक हिटरसाठी सॉकेटचे खांब उभारणे ही आता कल्पनेतली गोष्ट नाही. ५०० वॉटच्या ५० टॅक्सी एकाच वेळी जोडल्या, तरी भार २५ किलोवॉट होतो. २ किलोवॉटचे १२-१३ गिझर एकदम लावावेत, तेवढाच. टायमरने पाळ्या लावल्या, तर तो आणखी विभागता येतो. आधीच नाजूक असलेल्या तिथल्या हवेत रात्रभर घुरघुरणारी इंजिने बंद करण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

जिवाला धोका कुठे असतो?

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद गॅरेजमध्ये हिटर सुरू केला किंवा धुराची नळी सैल होऊन केबिनखाली धूर कोंडला, तर झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच शुद्ध हरपते. बर्फात नळीचे तोंड बुजले तरी हाच धोका. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. बर्फाने वेढलेल्या गाडीत उबेसाठी इंजिन चालू ठेवणे किती घातक ठरू शकते, याची चर्चा त्या दुर्घटनेनंतर झाली. धूर इंजिनाचा असो वा हिटरचा, बर्फाला फरक पडत नाही.

त्यामुळे काही नियम पाळायलाच हवेत. बंद जागेत हिटर नको. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी तो बंद, कारण आत उघडी ज्योत असते. टायमरवर ठेवलेला हिटर गाडी गॅरेजमध्ये किंवा पंपावर असताना आपोआप सुरू होणार नाही, याची खात्री करावी. केबिनमध्ये झोपणाऱ्याने कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा आणि खिडकीला फट ठेवावी. हिटर बंद केल्यावर त्याचा पंखा दोन-तीन मिनिटे बर्नर थंड करत फिरतो. तेवढ्यात बॅटरीची वायर काढू नये. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा दहा मिनिटे तो चालवावा, नाही तर नळीतले जुने डिझेल आणि कोरडे पंप हिवाळ्याच्या पहिल्याच सकाळी दगा देतात. हिटर घेताना विनियम १२२ ची मान्यता दाखवणारे, वर्तुळातले ‘ई’ चिन्ह पाहावे. धुराची नळी आणि इंधनाची जोडणी घरच्या घरी, व्हिडीओ पाहून करण्याची नाही.

विद्युत वाहने आली की प्रश्न संपेल का?

युरोपीय महासंघात २०१५ च्या सुमारास नव्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेल होत्या. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा उत्सर्जन घोटाळा उघड झाला आणि उतरण सुरू झाली. २०२४ मध्ये हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास आले. त्यामुळे प्रश्न आपोआप विरघळेल, असे वाटू शकते. पण विद्युत वाहनाला थंडीत ऊब हवीच असते आणि ती बॅटरीतून घेतली तर पल्ला घटतो. त्यामुळे उत्तर युरोपातील अनेक विद्युत बसगाड्यांच्या छतावर डिझेलचा हिटर बसवला गेला. व्होल्वोच्या सी-३० इलेक्ट्रिक मोटारीत इथेनॉलवर चालणारा हिटर होता. म्हणजे बसच्या अंगावर ‘शून्य उत्सर्जन’ लिहिलेले आणि छतावर धुराडे. हीट पंप आणि प्लग लावलेला असतानाच केबिन तापवून घेणे, हे त्यावरचे प्रामाणिक उत्तर आहे. त्याकडे वाटचाल सुरू असली, तरी आज रस्त्यावर असलेल्या डिझेल गाड्या आणखी बराच काळ चालणार आहेत.

पुढे काय व्हायला हवे?

इंधनावरच्या हिटरवर बंदी घालणे हा उपाय नाही. उणे २५ अंशांत रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला, रात्री-अपरात्री निघणाऱ्या रुग्णवाहिकेला किंवा केबिनमध्ये झोपणाऱ्या ट्रकचालकाला तो काढून टाका सांगणे म्हणजे त्यांना पुन्हा इंजिन घुरघुरत ठेवायला लावणे होय. त्यातून हवा अधिकच बिघडेल. पण गरजेच्या उपकरणाला नियमांतून सूट, असा त्याचा अर्थ होत नाही. हिटरच्या धुरातही कणांची संख्या मोजली जावी, नव्या गाडीच्या मान्यतेत हिटरचे उत्सर्जन धरले जावे आणि ज्या हिटरला शक्य आहे त्याला कॅटलिस्ट बसवला जावा. इतक्या छोट्या आणि एकाच वेगाने जळणाऱ्या बर्नरला स्वच्छ करणे हे सतत वेग बदलणाऱ्या इंजिनाला स्वच्छ करण्यापेक्षा अवघड नाही. इंजिनासाठी ते झाले आहे.

भारतापुरते बोलायचे, तर क्रम ठरवणे महत्त्वाचे आहे. आधी हिवाळी डिझेल सहज मिळण्याची व्यवस्था, मग सॉकेटचे खांब आणि जिथे वीज पोहोचत नाही तिथेच इंधनावरचा, उंचीसाठी योग्य आणि प्रमाणित हिटर. हा क्रम उलटा झाला, तर ऑनलाइन मागवलेले स्वस्त बर्नर लेहच्या गल्ल्यांत आधी पोहोचतील आणि नियम मागाहून येतील. दिल्लीच्या हवेने तो धडा देशाला एकदा शिकवला आहे. लडाखमध्ये त्याची उजळणी करण्याची गरज नाही.